गोतावळा आपला, किल्ली परक्याची

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. सकाळी पेपर वाचत ओसरीवर बसलो होतो. गल्लीतील ऐंशीच्या घरातील एक आज्जी काठी टेकत आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझी गाणी कुठं गेली ओ? नातीनं फोनवर सगळं धुंडाळलं, कायबी सापडंना."

मला चटकन उत्तर देता आले नाही.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात सात-आठ वर्षांपूर्वी मी शाळेतील मुलांना एक काम दिले होते. घरातील आजी, आत्या, मावशी यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या, हळदीची व पाळण्याची गाणी ऐकायची आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायची. चाळीसच्या वर गाणी जमली. गावच्या वाचनालयाच्या समितीचा मी सभासद आहे. समितीत ठराव झाला की, एका मोठ्या समाजमाध्यमावर वाचनालयाच्या नावाने पान उघडून ही गाणी तेथे ठेवावीत. एका होतकरू तरुणाने आपल्या मोबाईल नंबरवरून ते पान उघडले. पुण्या-मुंबईस, गोव्यात, बडोद्यास गेलेली गावची माणसे गाणी ऐकू लागली. "ही तर माझ्या आईची ओवी" असे लिहू लागली. काही महिन्यांत साडेतीनशे माणसांचा गोतावळा तेथे जमला.

पुढे तो तरुण नोकरीसाठी परदेशी गेला. त्याचा जुना नंबर बंद पडला व काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला मिळाला. त्यानंतर पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या आणि एके दिवशी पानच नाहीसे झाले. आम्ही कंपनीला तीनदा लिहिले. उत्तर यंत्राकडून आले, तेही इंग्रजीत: नियमभंगामुळे खाते बंद करण्यात आले आहे. नियम कोणता, तो कोणी मोडला, आमची गाणी परत मिळतील का, यावर एक अक्षर नाही. ज्या फोनवर मुलांनी ती मुद्रित केली होती, ते फोन केव्हाच मोडीत गेले होते. गाणाऱ्या बायांपैकी दोघी आता हयात नाहीत.

चूक आमची होती. वेगळी प्रत ठेवायला हवी होती. परंतु आमची चूक कबूल केल्यावरही दोन प्रश्न उरतात, आणि ते एकट्या आमच्या गावाचे नाहीत. आपण या माध्यमांत जे ठेवतो, ते हवे तेव्हा आपल्याला बाहेर काढता येते का? आणि एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमातील माणसाशी बोलता येते का? पहिला प्रश्न आपल्या माहितीवरील आपल्या हक्काचा, दुसरा माध्यमांच्या आंतरजोडणीचा. दोन्हींची उत्तरे आज बहुतांशी नकारार्थी आहेत. ती तशीच असली पाहिजेत असे मात्र मुळीच नाही.

मिरजेचा फलाट

आमच्या पिढीतील वाचकांना मिरज स्टेशन आठवत असेल. लोंढा-बेळगावकडून येणारी गाडी मीटरगेज, मिरजेहून पुण्या-मुंबईकडे जाणारी ब्रॉडगेज. मुंबईला निघालेले सारे कुटुंब मिरजेला उतरायचे. ट्रंका हमालाच्या डोक्यावर, मुले आईच्या पदराला धरून, आणि सगळ्यांची दुसऱ्या गाडीकडे धावाधाव. मालाच्या वाघिणीही तेथे रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागत. नव्वदच्या दशकात लोंढा-मिरज मार्गाचे रुंदीकरण झाले आणि हा त्रास संपला. रुळांचे माप एक होताच प्रवाशाला बसल्या जागेवरून पुढे जाता येऊ लागले.

आंतरजोडणी म्हणजे एवढेच. गाड्या वेगळ्या असोत, मालक वेगळे असोत, माप एक हवे.

टपालाने ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी साधली. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी करार केला, त्यातून जागतिक टपाल संघटना उभी राहिली. भारत १८७६ मध्ये तिच्यात आला. म्हणून बेळगावच्या पेटीत टाकलेले पत्र लंडनच्या पोस्टमनच्या हातून घरपोच होते. पत्र पाठवणाऱ्याला लंडनच्या टपाल खात्याचे सभासद व्हावे लागत नाही.

टेलिफोनला हे शहाणपण उशिरा आले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी एकाच गावात दोन-दोन टेलिफोन कंपन्या होत्या व एकीचे तार दुसरीला जोडलेले नव्हते. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइके हवी असतील तर गल्ल्याशेजारी दोन फोन ठेवावे लागत. अखेर सरकारने मक्तेदारीचा बडगा उगारला, तेव्हा १९१३ साली बेल कंपनीने आपल्या दूर अंतराच्या तारा इतर कंपन्यांना जोडून देण्याचे कबूल केले. आपल्या फोनमध्ये चार निरनिराळी संदेशाची अॅप ठेवावी लागतात, ती त्या दुकानदाराच्या दोन फोनांचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

सीमाभागाला तर याचा ताजा अनुभव आहे. कर्नाटकाच्या कंपनीचे कार्ड असलेली मुलगी चंदगडला किंवा सावंतवाडीला दिली की तिचा नंबर बदलायचा आणि माहेरच्या सगळ्यांनी तो नव्याने लिहून घ्यायचा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. परंतु तेव्हा ती एकाच दूरसंचार मंडळापुरती होती. ३ जुलै २०१५ पासून कर्नाटकातील नंबर महाराष्ट्र-गोव्याच्या मंडळातही नेता येऊ लागला. कंपन्यांनी हे आपणहून दिले नाही, सरकारी नियामकाने ते द्यायला लावले. त्याने कोणतीही कंपनी बुडाली नाही. गिऱ्हाईक केव्हाही जाऊ शकते हे कळल्यावर वागणूक मात्र थोडी सुधारली.

आणखी एक उदाहरण आपल्या भाषेचेच देतो. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली त्या काळात श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे नाना टंक होते. प्रत्येकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले. त्यामुळे एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या छापखान्याच्या संगणकावर उघडला की मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. वाचनालयाच्या स्मरणिकेचा मजकूर आम्ही एकदा निम्म्यातून दुसरीकडे नेला, तर पहिल्यापासून सगळा पुन्हा टाइप करावा लागला. मजकूर आमचा, भाषा आमची, पण छापखाना बदलायची सोय नव्हती. युनिकोड या जागतिक कोष्टकाने प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक दिला. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी त्यात आहे. आज कोणत्याही फोनवरून पाठवलेला मराठी मजकूर कोणत्याही फोनवर वाचता येतो, तो या कोष्टकामुळे.

भिंत कुणाच्या सोयीची?

मग समाजमाध्यमांचेच घोडे कोठे अडले? तांत्रिक अडचण आहे म्हणावे तर ई-मेलकडे पाहा. १९८२ साली ठरलेल्या नियमांच्या पायावर आजही एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते. कंपनी कोणती, हे कुणी विचारतही नाही. पैशांच्या बाबतीत तर आपल्याच देशाने जगाला धडा दिला. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे खोकेवाल्याकडे एका अॅपचा चौकोन असतो आणि आपण दुसऱ्याच अॅपने पैसे देतो. बँक तिसरीच असते.

खरी अडचण व्यापाराची आहे. आठवड्याच्या बाजारात माणसे जातात ती गाळे छान आहेत म्हणून नव्हे, तर बाकीची माणसे तेथे येतात म्हणून. समाजमाध्यमाचे भांडवल तेच. आपली बहीण, वर्गमित्र, भिशीच्या बायका, शाळेची पालकसभा सगळी एका अॅपवर आहेत, म्हणून आपणही तेथे. दुसरे अॅप कितीही चांगले असले तरी एकट्याने तेथे जाऊन बोलायचे कुणाशी? बाजार बदलायचा तर सगळा गाव एकाच दिवशी उठवायला हवा. हे कंपनीला पक्के ठाऊक असते. म्हणून आत येण्याचे दार मोठे आणि बाहेर जाण्याचे अरुंद ठेवलेले असते. आत जमलेल्या माणसांच्या आवडीनिवडी हाच जाहिरातदाराला विकण्याचा माल.

२०१४ साली फेसबुकने व्हॉट्सअॅप विकत घेतले. जानेवारी २०२१ मध्ये भारतातील वापरणाऱ्यांना सूचना आली की, आमच्या बदललेल्या अटी मान्य करा. माहिती मूळ कंपनीला देण्याबाबत 'नको' म्हणण्याची सोय त्यात नव्हती. भारताच्या स्पर्धा आयोगाने या प्रकरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि जाहिरातींसाठी ही माहिती वापरण्यास पाच वर्षे मनाई केली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची मनाई मात्र उठवली. 'अटी मान्य नसतील तर सोडून जा' हे वाक्य ऐकायला सरळ वाटते. परंतु सोडून गेल्यावर साराच गोतावळा तुटणार असेल, तर त्या वाक्यात धमकीच असते.

शिवाय ही माध्यमे अमर नाहीत. ऑर्कुट २००४ साली आले, आपल्याकडील कॉलेजच्या मुलांनी डोक्यावर घेतले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मराठीसह भारतीय भाषांसाठी म्हणून निघालेले 'कू' २०२० ते २०२४ एवढेच टिकले. गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीत बसता आले पाहिजे. येथे तर गाडीबरोबर आपले सामानही अडकून पडते.

दुसऱ्यांनी काय केले

युरोपातील देशांनी यावर दोन कायदे केले. मे २०१८ पासून लागू झालेल्या पहिल्या कायद्याने नागरिकाला आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा, आणि शक्य असेल तेथे थेट दुसऱ्या कंपनीकडे पाठवायला लावण्याचा हक्क दिला. २०२२ चा दुसरा कायदा त्यापुढे गेला. ज्या बलाढ्य कंपन्यांच्या दारातून सर्वांनाच जावे लागते, त्यांना त्या कायद्याने 'द्वारपाल' ठरवले. संदेशाच्या क्षेत्रातील द्वारपालाकडे एखाद्या लहान कंपनीने जोडणी मागितली तर ती देणे बंधनकारक झाले. आधी दोन माणसांमधील मजकूर व चित्रे, मग गट, त्यानंतर कॉल, असे टप्पे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपने युरोपात बर्डीचॅट आणि हायकेट या दोन लहान अॅपसाठी हे दार उघडत असल्याचे जाहीर केले. ज्याला ही जोडणी नको असेल त्याच्यावर सक्ती नाही, आणि संदेशाची मोहोर वाटेत फुटता कामा नये ही अट आहेच.

काही मंडळींनी कायद्याची वाट न पाहता वेगळी रचना उभी केली. २०१६ साली जर्मनीतील युजेन रोच्को या तरुणाने 'मॅस्टोडॉन' काढले. त्यात एक मोठे गोदाम नाही, तर हजारो लहान केंद्रे आहेत. कुणी विद्यापीठाचे, कुणी गावाचे, कुणी चार मित्रांचे. एका केंद्रावरील माणूस दुसऱ्या केंद्रावरील माणसाचे लेखन वाचू शकतो, कारण सर्वांनी एकच नियमावली पाळली आहे. जाळ्याचे दंडक ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये 'अॅक्टिव्हिटीपब' या नावाने ती नियमावली मान्य केली. केंद्र बदलले तरी आपले वाचक आपल्याबरोबर येतात. जुने लेखन मात्र अजून तितक्या सहजी हलत नाही, हेही सांगितले पाहिजे.

दारे सताड उघडी टाकण्यातही धोका आहे. २०१८ साली उघडकीस आलेले केंब्रिज अॅनालिटिकाचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. फेसबुकवरील एका प्रश्नोत्तरांच्या खेळात काही लाख लोक सामील झाले, पण त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली गेल्यामुळे कंपनीच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांना झळ पोहोचली. त्यांत भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार होते. त्या मित्रांना कुणी विचारलेही नव्हते. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी. माझे गाणे मी कोठेही नेईन. त्या गाण्याखाली शेजारणीच्या लेकीने लिहिलेले चार शब्द तिचे आहेत, ते न्यायचे की नाही हे तिला विचारून ठरावे. किल्ली कंपनीच्या हातून काढून घ्यायची ती ज्याच्या त्याच्या हाती देण्यासाठी. पहिल्या येणाऱ्याला ती देऊन चालणार नाही.

आपला कायदा आणि आपली भाषा

आपल्याकडे काय आहे? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली कायद्याचा मसुदा दिला. त्यात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. प्रत्यक्ष २०२३ साली जो कायदा झाला त्यातून तो गळाला. आपली माहिती काय आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा, तक्रारीचा, आणि आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावावेत त्याचे नाव देण्याचा हक्क आहे. सामान घेऊन दुसऱ्या घरी जाण्याचा हक्क नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली, म्हणजे २०२७ साल उजाडायचे.

परंतु या कायद्यात सीमाभागातील वाचकांनी अधोरेखित करून ठेवावे असे एक कलम आहे. कंपनी तुमची संमती मागते तेव्हा ती सूचना स्वच्छ व सोप्या भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय तुम्हाला दिला पाहिजे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, तशा कन्नड आणि कोकणीही आहेत. तुम्ही कोणत्या राज्यात राहता, तालुक्यात तुमच्या भाषेचे किती लोक आहेत, हे कायदा विचारत नाही. मराठीत कागद मिळण्यासाठी १५ टक्क्यांच्या अटीवर आपण किती अर्ज केले, किती हेलपाटे घातले, ते येथे सांगायला नको. येथे ती अट नाही. खानापूरचा शेतकरी असो, निपाणीचा विडी कामगार असो की हैदराबादेत चार पिढ्या राहिलेले कुटुंब असो, प्रत्येकाचा हा हक्क सारखाच.

हक्क कागदावर असणे आणि हातात येणे यांतील अंतर आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? मागितल्याशिवाय ते मिळणार नाही. शाळेत मी एकदा मुलांना विचारले, फोनवर 'मान्य आहे' हे बटण दाबण्यापूर्वी मजकूर किती जणांनी वाचला? एकाही मुलाचा हात वर झाला नाही. मागच्या बाकावरील मुलगी म्हणाली, "सर, वाचलं तरी कळणार काय? तुम्ही तरी वाचलंय काय?" मीही वाचला नव्हता. बी.एड. होऊन तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाची ही कथा, तर ऐंशीच्या आज्जींनी काय करावे!

आमच्या समितीने काय ठरवले

आज्जी येऊन गेल्यावर आम्ही समितीची बैठक घेतली. झालेले ठराव येथे देतो, कारण इतर गावांची वाचनालये, भजनी मंडळे, माजी विद्यार्थ्यांचे गट यांनाही ते उपयोगी पडावेत.

समितीचे कोणतेही खाते एकाच माणसाच्या नंबरवर असणार नाही. वाचनालयाच्या नावे वेगळा नंबर घेतला आहे, त्याचा रिचार्ज वर्गणीतून होतो आणि दोन सभासद त्या खात्याचे चालक आहेत. जे समाजमाध्यमावर जाईल त्याची प्रत आधी वाचनालयाच्या संगणकात व एका वेगळ्या हार्डडिस्कवर राहील. डिस्क दुसऱ्या सभासदाच्या घरी असेल. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, गटातील संभाषण बाहेर काढून ठेवायचे. व्हॉट्सअॅपमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' म्हणून सोय आहे. फेसबुक आणि गूगलही आपली माहिती उतरवून घेऊ देतात. बहुतेकांना ते ठाऊक नसते इतकेच. गटातील माणसांची परवानगी घेऊन त्यांची नावे, नंबर व ई-मेल साध्या नोंदवहीत लिहिले आहेत, म्हणजे माध्यम बुडाले तरी माणसे सापडतील. सारा मजकूर युनिकोडमध्येच ठेवायचा. आणि ज्या अॅपची संमतीची सूचना मराठीत मिळत नाही, त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीत पत्र लिहायचे व त्याची प्रत जपून ठेवायची. कायदा पूर्णपणे लागू होईल तेव्हा ही पत्रे कामी येतील.

आपल्या खासदारांकडे एक मागणीही करायची आहे. जो हक्क २०१८ च्या मसुद्यात होता, तो कायद्यात परत आणा. नंबर नेता येतो तसे खाते नेता येऊ द्या, आणि मोठ्या माध्यमांना लहानांशी जोडणी देणे भाग पाडा.

गेल्या महिन्यात मी दोन मुलींना घेऊन आज्जींकडे गेलो. त्यांना आता दम लागतो, तरी अकरा ओव्या त्यांनी सांगितल्या. बाकीच्या आठवत नाहीत म्हणाल्या. मुलींनी मुद्रण केले, एका कार्डावर घालून पहिली प्रत आज्जींच्या नातीच्या हाती दिली, दुसरी वाचनालयात नोंदवली. समाजमाध्यमावर ती अजून घातलेली नाहीत. घालूच, पण सवडीने. ज्या वाचकांच्या फोनमध्ये अशी घरातील माणसांची गाणी, भाषणे, जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी हा पेपर खाली ठेवल्यावर आधी त्यांची एक प्रत काढावी, एवढीच विनंती.